डोंगरउतारावरची तीन एकर: कोरडं बोअर, ओला पाया आणि वाडीचा झरा

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, भोर-वेल्हे पट्ट्यातलं एक खोरं. गाव, गट नंबर आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. पुण्यातल्या एका निवृत्त जोडप्याने इथे तीन एकर जमीन घेतली. काका मूळचे शेतकरी कुटुंबातले, त्यामुळे खरेदीला अडचण नव्हती. बेत साधा होता: छोटं घर, आंब्याची दीडशे कलमं, राखणीला एक कुटुंब.

व्यवहार जानेवारीत झाला. त्या दिवसांत हे खोरं पाहून कोणीही जमीन घेईल. ओढा वाहता असतो, खाचरांत वाल-हरभरा उभा असतो, गवत अजून पुरतं पिवळं पडलेलं नसतं. सातबारा कोरा होता, रस्ता गावनकाशावर होता, वीज शेजारच्या गटापर्यंत आलेली होती. वकिलाने कागद चोख तपासले. जमीन मात्र कोणी तपासली नव्हती, आणि ती तपासायची असते हे कोणी सांगितलंही नव्हतं.

तुकडा लांबोडा, पूर्वेकडे उतरता. वरची हद्द कड्याच्या पायथ्याशी, खालची ओढ्याला टेकलेली. दोन्हींच्या उंचीत सुमारे पस्तीस मीटरचा फरक. मधोमध एक रुंद, जवळजवळ सपाट पायरी. एजंट तिला ‘बंगल्याची जागा’ म्हणायचा. उत्तरेच्या हद्दीबाहेर, त्याच पायरीच्या उंचीवर, एक बारमाही झरा. झऱ्यावर ग्रामपंचायतीची टाकी आणि त्या टाकीवर पंचवीस घरांची वाडी अवलंबून. दक्षिणेच्या हद्दीला खडकाची एक अरुंद सोंड ओढ्याकडे उतरलेली. तिच्यावर कुसळी गवत आणि दोन-चार निवडुंग, बाकी काही नाही.

खाली काय आहे

सह्याद्रीचा हा भाग म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर, भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकावर एक, जवळजवळ आडवे. सगळे थर सारखे नाहीत. घट्ट काळा पाषाण झिजायला चिवट, त्याचे कडे होतात. बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला, त्यांत पांढरे-गुलाबी खनिजांचे दाणे भरलेला मांजऱ्या खडक लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि उताराला पायरी पडते. राजगडासारख्या गडांच्या माच्या ज्या सपाटीवर बांधल्या गेल्या, ती सपाटी या थरांनीच दिलेली. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून तांबडी चिकण तयार झाली, आणि नंतरच्या लाव्ह्याने ती झाकली. विहीर खोदणारे तिला गेरूच म्हणतात. जाडी कुठे वीतभर, कुठे पुरुषभर.

या जागेत वरून खाली असा क्रम निघाला: कडा आणि त्यावरचं पठार; कड्याच्या पोटाशी भेगाळ, मांजऱ्या खडक; त्याखाली दीडेक फुटाचा गेरू; गेरूखाली बारा-तेरा मीटर घट्ट काळा पाषाण; आणि ओढ्याच्या पातळीला पुन्हा मांजऱ्या व त्यावर चार-पाच मीटर मुरूम. मधली पायरी मात्र खडकाची नव्हती. कड्यावरून युगानुयुगं घसरून आलेली दगड-मातीची रास गेरूच्या पातळीवर येऊन साचली होती. वरून गवत, म्हणून ती जमीन वाटायची.

पाण्याचा सगळा हिशेब गेरूपाशी येतो. पठारावर पडलेला पाऊस (इथे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर सहज होतो) भेगांतून खाली मुरतो, गेरूवर अडतो आणि आडवा चालू लागतो. उतार जिथे तो थर कापतो तिथे पाणी बाहेर येतं. वाडीचा झरा हे त्याचं दिसणारं तोंड. न दिसणारी तोंडं पायरीच्या पोटात, दगड-मातीच्या राशीत उघडत होती. पावसाळ्यात पायरी तळापासून भिजायची ती यामुळे.

आणखी एक आकडा मांडून ठेवतो, कारण ‘इतका पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे’ हा प्रश्न काकांनी पहिल्याच भेटीत विचारला. बसाल्टमध्ये, म्हणजे या लाव्ह्याच्या खडकात, पाणी धरून परत देण्याची क्षमता साधारण एक ते तीन टक्के. एक एकर म्हणजे ४,००० चौरस मीटर. त्याखाली पाण्याने भरलेला पाच मीटरचा थर धरला आणि दोन टक्क्यांनी गुणलं, तर ४०० घनमीटर, म्हणजे चार लाख लिटर. ऐकायला भरपूर, पण उतारावर हे पाणी थांबत नाही. दिवाळीला असलेल्या पाण्यातलं शिमग्यापर्यंत बरंच ओढ्याला जाऊन मिळालेलं असतं. खोली वाढवून हा आकडा वाढत नाही; घट्ट पाषाणात शंभर फूट आणखी गेलं तरी भर जवळपास शून्य.

अडचण कशी उभी राहिली

मार्चमध्ये बोअर मारलं. एका ‘मशीनवाल्याने’ विद्युत रोधकतेची (जमीन विजेला किती अडवते त्याची) तपासणी केली आणि पायरीच्या वरच्या अंगाला, हद्दीजवळ, रोधकता एकदम खाली आलेली दाखवून ‘इथे पाणीच पाणी’ म्हणून खूण केली. गाडी आली. चाळीस फूट केसिंग (वरचं भोक ढासळू नये म्हणून बसवतात तो पाइप) घातलं आणि ३८० फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला. लाखाच्या वर पैसे गेले.

मे महिन्यात घराच्या जागेसाठी जेसीबी लावला. पायरीच्या आतल्या बाजूला तीन मीटर उंच, पंचवीसेक मीटर लांब सरळ काप घेतला आणि निघालेली माती बाहेरच्या कडेला पसरून अंगण रुंद केलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला तेव्हा काप दोन ठिकाणी ढासळला, अंगणाला बोटभर रुंद भेगा पडल्या आणि कापाच्या तळातून ओळीने पाणी पाझरायला लागलं. त्याच आठवड्यात वाडीच्या टाकीत गढूळ पाणी आलं.

वाडी चिडली. त्यात काकांनी एका पाणाड्याकडून दुसऱ्या बोअरची जागा काढून घेतली होती, ती झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्टच्या ग्रामसभेत विरोध झाला आणि त्यानंतर, भूरचना आणि भूजल पाहणारा म्हणून, मला बोलावणं आलं. प्रश्न विचारला गेला तो ‘दुसरं बोअर कुठे मारू’ एवढाच.

पाहणीत काय दिसलं

बोअरशेजारी भुकटीचे ढीग तसेच पडून होते. गाडीवाल्याची वही मिळाली नाही, पण ढीग पुरेसे बोलके निघाले. तळाशी दगडगोट्यांची माती, तिच्यावर ओलसर राहून ढेकूळ झालेली विटकरी भुकटी, मग करडी-काळी बारीक पूड, आणि सगळ्यात वर पांढरट-गुलाबी कण मिसळलेली. विटकरी ढेकूळ जिभेला लावलं तर चिकटत होतं, म्हणजे गेरू. मजुराच्या आठवणीप्रमाणे तो पस्तीस-अडतीस फुटांवर लागला. केसिंग चाळीस फूट. या जागेतलं एकुलतं एक पाणी गेरूच्या माथ्यावरून वाहतं, आणि ते केसिंगच्या मागे बंद करून पुढची ३४० फुटं कोरड्या पाषाणात खोदली गेली होती. उरला मुद्दा मशीनच्या खुणेचा: कमी रोधकता ओल्या खडकाचीही असते आणि ओल्या चिकणीचीही. यंत्र चुकलं नव्हतं, आकड्याचा अर्थ लावायला भूरचना कोणी पाहिली नव्हती.

भुकटीत शेवटी दिसणारे पांढरट कण खोलवरच्या मांजऱ्या थराचे. तिथे ओल होती, पाणी नव्हतं. पोकळ्या खनिजांनी भरून गेल्या की तो थर नुसता दिसायला पाणीदार उरतो.

कापाच्या भिंतीत गेरूची तांबडी रेघ स्वच्छ उघडी पडली होती. तिच्यावर बोट दाबलं की रुतायचं. वरच्या राशीतल्या मातीपेक्षा ती कितीतरी मऊ. गेरू बंदिस्त असेपर्यंत बरा असतो. उघडा पडून भिजायला-सुकायला लागला की फुगतो, सुटतो आणि वरचं ओझं घेऊन सरकू शकतो. पायरीच्या वरच्या कडेला एक जुनी, गवताने भरलेली फट होती आणि तिच्याखालच्या ऐनांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ झालेले. रास अधूनमधून सरकत आली आहे याचं हे लक्षण.

वाडीतल्या आबांनी एका वाक्यात बरंच सांगितलं. “साहेब, त्या पट्टीत आम्ही नाचणीबी नाय करत. आखाडात बैल रुततो तिथं.” मग घरं कुठे बांधता, विचारलं तर त्यांनी मागे हात केला. वाडीची पंचवीसच्या पंचवीस घरं पलीकडच्या खडकाच्या सोंडेवर होती, सपाट पट्टी रिकामी सोडून.

झऱ्याचं पाणी बादली-घड्याळ लावून मोजलं. वीस लिटरची बादली ऑक्टोबरात चाळीस सेकंदांत भरली. पुढच्या एप्रिलअखेर तिलाच पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांना वीस लिटर म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर. वाडीत सव्वाशेच्या आसपास माणसं; माणशी ४६ लिटर. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटरचं आहे. वाटून घेण्यासारखं त्या झऱ्यात काही शिल्लक नव्हतं.

पर्याय आणि त्यांचं वजन

पाण्यासाठी पहिला पर्याय काकांच्या मनात होता तोच, झऱ्याजवळ उथळ बोअर. तांत्रिकदृष्ट्या तिथे पाणी लागलं असतं, यात शंका नाही. ते वाडीचंच पाणी असतं, दुसऱ्या नळाने काढलेलं. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून चालत आलेलं बंधन. पहिलं बोअर मारताना एजंटने ‘इकडे कोणी विचारत नाही’ म्हणून वेळ मारून नेली होती.

दुसरा पर्याय आणखी खोल जाण्याचा. गाडीवाला पाचशे फुटांपर्यंत जायला तयार होता. दर फुटावर आहे, तो तयार असणारच. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही वेगळी बाब मानली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी भुकटी पाहिल्यावर या पर्यायाला आधार उरत नव्हता.

तिसरा, खालच्या कोपऱ्यात ओढ्याकाठी रुंद विहीर. तिथला मुरूम आणि मांजऱ्या गेरू-पाषाणाच्या खालचा, झऱ्यापासून वीसेक मीटर उतरून. त्याला पाणी ओढ्याच्या खोऱ्याचं मिळतं. उंबर आणि जांभूळ दाट होते, ही जवळच्या पाण्याची खूण. मे महिन्यात ओढ्याच्या पात्रात हातभर उकरलं की पाणी येतं, असं वाडीतल्या बायका सांगत होत्या. तोटा असा की विहीर घरापासून लांब आणि पावसाळ्यात पुराच्या रेषेजवळ. पाणी वर चढवायचं म्हणजे पंप, पाइप, वीज.

चौथा, टँकर आणि छतावरचं पाणी. छताचं गणित मजेशीर आहे. दीडशे चौरस मीटर छतावर दोन मीटर पाऊस पडला तर सांडमार वगळून दोन लाख चाळीस हजार लिटर मिळतं, वर्षाच्या घरगुती वापराला जवळजवळ पुरेल एवढं. साठवायचं कुठे, हा प्रश्न.

घराच्या बाबतीत त्यांच्या इंजिनिअरने कापासमोर चार मीटरची आरसीसी भिंत सुचवली होती. भिंत उभी राहिली असती. पण तिचा पाया त्याच राशीत, तिच्या मागे साठणारं पाणी अख्ख्या पठाराचं, आणि खर्च घराच्या निम्म्याला जाणारा. दुसरा पर्याय दक्षिणेची खडकाळ सोंड. दोन फुटांवर अखंड काळा पाषाण, पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाणारं. जागा अरुंद, वारा अंगावर, आणि काकूंना हवं होतं ते दृश्य नाही. तिसरा, जमीन विकून मोकळं होणं. यावरही एक संध्याकाळ चर्चा झाली.

निर्णयाचे टप्पे

पहिला कळीचा टप्पा पाणी आणि घर हे दोन प्रश्न एकत्र मांडण्याचा होता. तोपर्यंत बोअरवाला बोअरचं बघत होता, इंजिनिअर भिंतीचं, वकील हद्दीचं. जुलैत पाया ओला करणारं, एप्रिलमध्ये नसणारं आणि वाडीच्या टाकीत पडणारं पाणी एकच, हे मी कापासमोर उभं राहून दाखवलं तेव्हा काकांनी दुसऱ्या बोअरचा विचार सोडला. त्यासाठी फार युक्तिवाद लागला नाही.

घर हलवायला मात्र लागला. काकूंचा मुद्दा रास्त होता: “दृश्य नको असतं तर आम्ही शहरातच राहिलो असतो.” मी त्यांना पायरी नक्की कोसळेल असं सांगितलं नाही, कारण तसं सांगता येत नाही. सांगितलं ते एवढंच: तळाला चिकण आहे, मागून पाणी आहे, रास पूर्वी सरकलेली आहे, आणि पायथा आता कापलेला आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरडी कोसळण्याच्या तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या, जमीन महिनाभर भिजून तुडुंब झाल्यावर पडलेल्या जोराच्या पावसातल्या. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी होती, आणि आपल्या पायरीची त्यांच्याशी बरोबरी करणं योग्य नाही. पण उताराने आधी दिलेल्या खुणांकडे पाठ करून झोपायची खोली बांधणं मला पटत नव्हतं. काकूंनी शेवटी एक मधला मार्ग काढला: घर सोंडेवर, आणि पायरीवर फक्त बसायला पत्र्याची हलकी शेड, तीही पावसाळ्यात बंद.

तिसरा टप्पा वाडीचा. विहिरीचा अर्ज करण्याआधी काकांनी वाडीत जाऊन बैठक घ्यावी, असा माझा आग्रह होता. कागदावर ती गरज नव्हती.

काय केलं

आधी उतार. बाहेरच्या कडेला पसरलेला भराव काढून टाकला. तो कडेवर नुसतं ओझं होता, आणि अंगणातल्या बहुतेक भेगा त्याच्या बसण्यामुळे पडल्या होत्या. काप दोन टप्प्यांत मागे घेतला, पायथ्याला जाळीतल्या दगडांची भिंत घातली. ती थोडी हलली तरी फुटत नाही आणि पाणी अडवत नाही. मूळ जमिनीतल्या भेगा चिकणमाती ठोकून बुजवल्या. कापाच्या वर दगडी चर काढून पठारावरून येणारं पाणी दक्षिणेच्या ओहळात सोडलं, झऱ्याच्या बाजूला नाही. ही सगळी कामं मे संपायच्या आत.

विहिरीसाठी रीतसर अर्ज, ग्रामसभेचा ठराव, तांत्रिक पाहणी यांत हिवाळा गेला. खोदाई एप्रिल-मेमध्ये झाली: व्यास पाच मीटर, खोली आठ. उताराला हादरे नकोत म्हणून सुरुंग न लावता ब्रेकरने काम केलं, त्याने वेळ आणि खर्च दोन्ही वाढले. वरचा मुरूम दगडी बांधकामाने धरला आणि काठ पुराच्या खुणेच्या वर उचलला. घराखाली तीस हजार लिटरची टाकी बांधली, छतावरचं पाणी तिच्यात. दोन महिने रोज पाचशे लिटर काढता येतील, एवढाच तिचा हिशेब.

सांडपाण्याच्या शोषखड्ड्याची जागा ठरवायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. विहिरीपासून पन्नास-साठ फूट दूर, हा सर्वसाधारण नियम मातीत ठीक. मांजऱ्याच्या फटींतून पाणी न गाळता पळतं. म्हणून खड्डा सोंडेच्या दक्षिण अंगाला, विहिरीकडे उतार नसलेल्या बाजूला नेला आणि त्याला वाळूचा जाड थर दिला.

निकाल

पुढच्या पावसाळ्यात काप एका जागी पुन्हा थोडा ढासळला, जाळीच्या भिंतीच्या वर. नुकसान नाही, पण तो पूर्ण थांबला आहे असं मी म्हणणार नाही. वाडीच्या टाकीत त्या वर्षी गढूळ पाणी आलं नाही.

विहीर पहिल्या वर्षी संक्रांतीपर्यंत अर्धी भरलेली होती. मे महिन्याच्या मध्याला पाणी तळापासून दीड मीटरवर आलं आणि उपसा थांबवल्यावर रात्रीत दहा सेंटीमीटर चढायचं. या व्यासाला ते सुमारे दोन हजार लिटर. घराला आणि राखणदाराच्या कुटुंबाला पुरून थोडं उरतं. दीडशे कलमांना पुरत नाही. चाळीस लावली आहेत, ठिबकवर. काकांना याचं वाईट वाटतं आणि ते लपवत नाहीत.

झऱ्याचं माप विहीर वापरात आल्यानंतरच्या एप्रिलमध्ये पुन्हा घेतलं: बादलीला पाच मिनिटं वीस सेकंद. आदल्या पावसाळ्यात पाऊस कमी होता, त्यामुळे वीस सेकंदांवरून काही सिद्ध होत नाही, इकडचंही नाही आणि तिकडचंही. विहीर झऱ्याच्या थराखाली, मध्ये घट्ट पाषाण. संबंध असण्याची शक्यता कमी. तरी मोजणी चालू ठेवायचं ठरलं आहे, आणि ती आता वाडीतली एक कॉलेजला जाणारी मुलगी करते.

वेगळं काय करता आलं असतं

जमीन जानेवारीत पाहिली ती मे अखेर आणि जुलैत पुन्हा पाहायला हवी होती, इसार देण्याआधी. दोन ऋतूंची वाट पाहताना जमीन हातची जाईल अशी भीती घातली जाते आणि ती कधीकधी खरीही ठरते. तेवढा वेळ नसेल तर निदान रस्त्याच्या कापात थर पाहावेत, वाडीची घरं कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते पाहावं, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना एप्रिलमध्ये रांग किती लागते ते विचारावं. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत.

कामांचा क्रम उलटा झाला. बोअर, मग सपाटी, मग घराचा आराखडा, आणि सगळ्यात शेवटी भूरचना. जेसीबी लावायच्या आधी पायरीवर पुरुषभर खोलीचे तीन-चार चाचणी खड्डे घेतले असते तर राशीची माती आणि ओल दोन्ही एका दिवसात कळली असती. खोल बोअर मारायचंच होतं तर केसिंग किती घालायचं हे गाडीवाल्यावर सोडायला नको होतं; दर दहा फुटांची भुकटी वेगळ्या पिशवीत ठेवली की चाळीस फुटांवरच थांबायचा निर्णय घेता आला असता.

झऱ्याची मोजणी जमीन घेतल्याच्या वर्षापासून असती तर पुढचे बरेच वाद आकड्यांवर झाले असते. आता बोअर आणि कापाच्या आधीचं माप कोणाकडेच नाही, फक्त ‘पूर्वी जास्त यायचं’ एवढी आठवण आहे, आणि तिला खोडता येत नाही तसं मान्यही करता येत नाही.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. कड्याखालचा वरचा गट गेल्या वर्षी विकला गेला. नव्या मालकालाही सपाटी करायची आहे, आणि त्याचं सगळं पाणी या पायरीवर उतरणार. काकांनी त्याला कापाचे फोटो आणि चराचा नकाशा दिला आहे. चर दोघांच्या हद्दीवरून सामाईक काढायचा प्रस्ताव आहे. मोजणी झाल्याशिवाय त्यावर तो बोलायला तयार नाही.